गुरुमुखीतली शेवटची ओळ

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, आईला माहीत नाही, आणि ऑफिसात ज्यांना कळायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुला सांगतेय, पण मध्येच ‘अगं, चालायचंच’ असलं काही बोलू नकोस. मला ते ऐकवत नाही. चालायचंच म्हणून जे चालतं, ते हे नव्हे.

मी मूळची सांगलीची. नवरा हवाई दलात. दर बदलीला माझी नोकरी सुटायची आणि नव्या गावात पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसायचं. चंदीगडला आलो तेव्हा माझी चाळिशी उलटलेली होती. मोहालीतल्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम मिळालं. आमचं सॉफ्टवेअर पानावर मजकूर मांडायचं. मराठी, पंजाबी, उर्दू, तमिळ — लिपी कुठलीही असो, फॉन्ट कुठलाही असो, अक्षरावर अक्षर चढता कामा नये, ओळ चौकटीबाहेर जाता कामा नये. तसं खरंच होतंय का, ते आम्ही बघायचो.

त्याची एक रीत असते. प्रत्येक पानाचं एक मान्य चित्र जपून ठेवलेलं असतं. काही बदललं की मशीन नवं पान त्या चित्राशी ताडून बघतं आणि फरक दिसेल तिथे लाल रंग भरतं. मग माणसानं बघायचं. चूक असेल तर पान परत पाठवायचं. नसेल तर ‘मान्य’ दाबायचं — आणि त्या क्षणापासून नवं चित्र हेच बरोबर. पुढे मशीन त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. एकदा माणसानं चुकीला मान्य म्हटलं, की ती पकडायला कुणी उरत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. नव्या मुलांना हे शिकवायचेच मुळी मी.

आता सिमरनबद्दल. ती पिंजौरहून रोज बसनं यायची. पंचविशीची असेल. गुरुमुखीची, म्हणजे पंजाबीच्या लिपीतली, पानं तिच्याकडे, मराठी-हिंदी माझ्याकडे. मला ‘आंटी जी’ म्हणायची. पहिल्या दिवसापासून. इकडे तशी पद्धतच आहे, तिच्या मनात काही नसणार — हे मला तेव्हाही कळत होतं. पण नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबायच्याच. आणि पोरीची नजर — काय सांगू! माझ्या मराठी पानावर वेलांटी वरच्या ओळीत घुसलेली होती, ती मला दिसली नाही, हिला दिसली. मराठीचा गंध नसलेल्या पोरीला. सगळ्यांच्या देखत स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, “आंटी जी, यह देखा आपने?” देखा असतं तर तू दाखवायला आली असतीस का, भवाने — हे अर्थात मनात.

टीमच्या लीडची जागा रिकामी होणार होती. ती माझीच, असं मी धरून चालले होते. इतक्या गावांतून उठून इतक्यांदा शून्यापासून सुरुवात केलेली, एकदा तरी नावापुढे काही लागावं असं वाटत होतं. मग मॅनेजर अरोरा सरांच्या बोलण्यात तिचं नाव यायला लागलं. सिमरनला विचारा. सिमरनला दाखवा. माझ्या पोटात दुखायचं. सरळ सांगते — दुखायचं. दुसरा शब्द शोधत बसत नाही.

त्या सुमारास एका औषध कंपनीचं काम आलं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती माहितीची पत्रकं, नव्या गुरुमुखी फॉन्टमध्ये. फॉन्टच नवा, म्हणजे प्रत्येक पान वरपासून खालपर्यंत लाल. अशा वेळी मशीनचा काही उपयोग नसतो, एकेक पान डोळ्यांनीच बघावं लागतं. सिमरन दिवसभर त्यातच होती. काम त्याच दिवशी पाठवायचं होतं. संध्याकाळी बॅग खांद्याला लावून माझ्याकडे आली. “आंटी जी, मेरी बस निकल जाएगी. थोड़े से पेज बचे हैं, आप देख लोगे प्लीज़?” तिचं मशीन उघडंच होतं. दुसऱ्याच्या नावावर काम करायचं नाही असा नियम होता, आणि तो आम्ही सगळेच मोडायचो. मी म्हटलं, जा, बघते.

आणि मी न बघताच सगळ्या पानांना एकदम ‘मान्य’ करून टाकलं.

असं मी स्वतःला सांगत आले. दमले होते, डोकं दुखत होतं, मुलाला क्लासवरून आणायचं होतं. ऐकायला बरं वाटतं, नाही? आळशी बाई, निष्काळजी बाई. असल्या बाईला लोक माफसुद्धा करतात.

पण मी बघितलं होतं. प्रत्येक पान बघितलं. एका पानावर शेवटची ओळ नव्हती. नवा फॉन्ट उंच, चौकट तेवढीच — खालची ओळ मावली नाही आणि सॉफ्टवेअरनं ती छाटून टाकली. पान मात्र नीटनेटकं दिसत होतं. मी जुनं चित्र उघडलं. तिथे ओळ होती. मी ती वाचली. दोन वर्षांखालच्या मुलांना हे औषध देऊ नये.

मी पुन्हा वाचली. मग हात मांडीवर ठेवून बसले. पान परत पाठवायला काय लागलं असतं? एक बटण, आणि दोन शब्दांची टीप. मी त्या कोपऱ्याकडे बघत होते जिथे तिचं नाव दिसतं — ‘तपासणारी: सिमरन’ — आणि मी ‘मान्य’ दाबलं. कुणाचं तरी मूल आजारी पडेल, हे डोक्यात आलं नाही का? आलं. छापायच्या आधी कंपनीवाले बघतीलच, असं म्हणून ते बाजूला सारलं. मग तिचं मशीन बंद केलं आणि मुलाला आणायला गेले.

कंपनीवाल्यांच्या लक्षात आलं, पण पत्रकं छापून झाल्यावर. खोकी दुकानांत पोचली नव्हती, सगळी पत्रकं रद्दीत घातली. सुदैवानं, असं म्हणणार होते. माझ्या तोंडी तो शब्द शोभत नाही.

अरोरा सरांनी दोघींना आत बोलावलं. सिमरनचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, “सर, लास्ट के पेज मैंने आंटी जी को दिए थे.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी — करून सवरून नामानिराळी — अगदी साळसूदपणे म्हटलं, “मुझे? सर, मुझे तो गुरुमुखी पढ़नी ही नहीं आती. मुझे कोई क्यों देगा?”

पटण्यासारखंच होतं. महाराष्ट्रातून बदलीवर आलेली बाई, हिला कशाला येतेय गुरुमुखी? सरांनी मान हलवली. त्या खोलीत हे खोटं आहे हे फक्त दोघींना माहीत होतं. कारण मला गुरुमुखी शिकवली होती सिमरननंच. जेवणाच्या सुट्टीत, पराठ्याचा डबा बाजूला सारून, टाकाऊ प्रिंटच्या पाठीमागे मोठी मोठी अक्षरं काढून. बसवरच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून मीच तिच्या मागे लागले होते. पहिल्यांदा एक आख्खं वाक्य वाचलं तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या होत्या.

तिनं माझ्याकडे बघितलं. आता बोलेल, असं मला वाटलं, आणि मी भांडायला कंबर कसली होती. पण ती नाही बोलली. खाली बघून “सॉरी सर” एवढंच म्हणाली. का? मला माहीत नाही. खरं सांगू का — मला त्याचाही रागच आला. एवढं मोठं मन दाखवायला तिला सांगितलं होतं कुणी?

महिन्याअखेरीला तिला काढलं. लीडची जागा मला मिळाली. नवऱ्यानं केक आणला, मुलगा म्हणाला, “मम्मा, यू डिज़र्व इट.” मी दोन तुकडे खाल्ले. घशात काही अडकलं नाही. अडकलं, असं सांगायला मला आवडलं असतं.

इथे थांबले तर तू म्हणशील, एका संध्याकाळी बुद्धी फिरली, मग भीतीनं खोटं बोलली. म्हणून पुढचं सांगते.

वर्षभरानं पंचकुल्यातल्या एका कंपनीतून फोन आला. सिमरननं तिथे अर्ज केला होता, आणि तिच्या कामाबद्दल कुणाला विचारावं म्हणून नाव दिलं होतं माझं. माझं! आमच्या ऑफिसात तिची बाजू घेणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं म्हणून? की आता तरी आंटी खरं बोलेल, असं तिला वाटलं म्हणून? पलीकडची बाई चांगली बोलत होती. म्हणाली, मुलगी आम्हाला पसंत आहे, फक्त तुमचा एक शब्द हवाय. टेबलाशी मी एकटी होते. भ्यायचं काही कारण नव्हतं. ती जागाही मला नको होती. एवढंच म्हणायचं होतं, की घ्या, हिच्याइतकं बारकाईनं कुणी बघत नाही.

मी म्हटलं, “लड़की अच्छी है जी. बस, बिना देखे ओके कर देती है.”

तिनं आभार मानून फोन ठेवला. सिमरनला ती नोकरी मिळाली नाही. हे मला कसं माहीत? आठवड्यानं मीच फोन करून विचारलं होतं, घेतली तर नाही ना तिला.