चार लांब बोल्ट

चूक माझी होती. एवढं बोलायला मला पाच दिवस लागले.

माझी मुलगी श्रुती गिरगावच्या समुद्रात एका फळीवर उभी राहते. फळीखाली उभा दांडा, दांड्याला विमानासारखे पंख. वेग आला की फळी पाणी सोडून वर उचलली जाते आणि पोर हवेत. (माझा जीव त्याच्याही वर.) हा सगळा डोलारा दांड्याच्या वरच्या टोकाच्या प्लेटमधून चार बोल्टांनी फळीला धरलेला. बोल्ट केवढे? माझ्या करंगळीच्या एका पेराएवढे.

मी माझगावच्या गोदीत पंचवीस वर्षं फिटर. माझं डोकंच सणकलं.

"एवढ्याशा बोल्टांवर तुला समुद्रात सोडतात?"

"पप्पा, मापातलेच आहेत. आमच्या कोच सरांनी दिलेत. हात लावू नका."

हात लावू नका! फिटरला! शनिवारी ती बाहेर गेल्यावर मी नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून दुप्पट लांबीचे चार बोल्ट आणले. दुकानदार म्हणाला, "भोकाची खोली मोजलीत का?" म्हटलं, "मला शिकवू नका."

बोल्ट आवळले तरी प्लेट हलत होती. म्हणजे आणखी आवळायला हवेत. मग आतून 'कट्ट' आवाज आला. वाटलं, बसला. गोदीतल्या सवयीने प्रत्येक बोल्टाच्या डोक्यापासून प्लेटपर्यंत रंगाची रेघ ओढली. बोल्ट जरा फिरला की रेघ तुटते, लगेच कळतं. घरात रंग नव्हता. बायकोचं लाल नेलपॉलिश होतं.

रविवारी राज्याच्या संघासाठी निवड होती. श्रुतीने त्यासाठी दोन वर्षं घाम गाळलेला. चौपाटीवर तिने फळी उचलली आणि दांडा, पंख, प्लेट असं सगळं फळीचा लचका तोडून वाळूत पडलं.

मी सरांवर धावून गेलो. "कसले बोल्ट देता पोरांना? पाण्यात असती तर?"

सरांनी एक बोल्ट उचलला. "हे माझे नाहीत. एवढा लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, प्लेट सैलच राहते. तरी आवळत राहिलं की फळी आतून फुटते. कोणी लावले?"

"तेच तर विचारतोय मी!" मी आणखी आवाज चढवला.

बायकोने तो बोल्ट हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. "अहो, हे माझं नेलपॉलिश."

तेवढ्यात श्रुतीचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. मग पुढचं नाव.

"काळजी नव्हती तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्हाला फक्त बरोबर ठरायचं होतं."

त्यानंतर तिने बोलणं टाकलं. मी सरांवर चिडलो, दुकानदारावर चिडलो, सगळ्यांसमोर ते लाल नेलपॉलिश ओळखणाऱ्या बायकोवरही चिडलो. शुक्रवारी चिडायला कोणी उरलं नाही. श्रुती चाळीच्या गॅलरीत फळीची चीर भरत बसली होती. मी शेजारी बसलो.

"चुकलो गं. तुला विचारायला हवं होतं."

ती मान वर न करता म्हणाली, "सरांना पण सांगा. चारचौघांत झापलंत त्यांना."

तिथेच उभा राहून फोन लावला. अगदी मनापासून माफी मागितली. पण गोदीतल्या मशिनींवर ओरडून ओरडून माझ्याकडे आवाज एकच उरलाय.

"सर, चूक माझी! शंभर टक्के माझी! माफ करा मला!"

शेजारच्या काकूंनी दार उघडलं आणि बायकोला विचारलं, "आज कोणाक झापतत गो?"