आगबोटीच्या कठड्याविषयी खुलासा

घरात कोणतेही लग्न असो, जेवणावळ उठली की माझा मेहुणा, आरमोरीचा निवृत्त शाळामास्तर, सुपारी कातरत एकच किस्सा सांगतो आणि मंडळी दरवेळी नव्याने हसतात.

"आमच्या भाऊजीले लेकराबाळायसंगं आगबोटीनं रत्नागिरीले जायाचं होतं. पण बोटीचं लाकूड निंगालं बर्माचं! भाऊजी म्हनत, आलापल्लीचा मानूस बर्माच्या सागवानावर पाय ठेवत नाई. झालं! बोट रायली, समुद्रई रायला."

हा किस्सा खोटा आहे. मागच्या लग्नात मी त्याला सर्वांदेखत तसे सुनावले, तेव्हा तो म्हणाला, "खरं सांगतलं तं हासन कोन, भाऊजी?" म्हणून आता लिहूनच ठेवतो.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता आणि चंद्रपूरला आम्ही चांदा म्हणत होतो. मी आलापल्लीच्या लाकूड डेपोत मोजणी कारकून होतो. माझी पत्नी आरमोरीकडच्या धानाच्या बांध्यांत वाढलेली. वैनगंगेपेक्षा मोठे पाणी तिने पाहिले नव्हते. उन्हाळ्याच्या सुटीत तिन्ही मुलांना घेऊन समुद्र पाहायचा, आणि तोही काठावरून नव्हे तर बोटीतून, ही तिची इच्छा होती. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत तिने माझ्याकडे दुसरे काही मागितल्याचे मला आठवत नाही.

मुंबईहून रत्नागिरीला बोटी सोडणाऱ्या दोन कंपन्यांचे पत्ते याच मेहुण्याने आणून दिले होते, हे तो किश्शात सांगत नाही. एक कंपनी मोठी, दुसरी लहान. कोणाच्या बोटीने जावे हे ठरवण्यासाठी मी दोघींनाही पत्रे लिहायला बसलो. पत्नी शेजारी चारोळ्या फोडत होती.

"अवो, बोटीले कठडा केवढा हाये, ते इचारा. आपली धाकटी एका जागी कुठी टिकते?"

"कठडा असतोच."

"असते तं इचाराले काय जाते?"

मी विचारले नाही. मी विचारले ते असे: डेक कोणत्या लाकडाचा, फळ्यांची जाडी किती, लाकूड कोणत्या जंगलातले. यात हसण्यासारखे काय आहे? गवंडी परक्या घरात गेला तरी भिंत ठोकून पाहतो. मी रोज सागवानी लठ्ठ्यांचे घेर मोजत होतो. पाच जिवांचा भार ज्याच्यावर टाकायचा त्या लाकडाची जात मी विचारणारच.

लहान कंपनीने नुसते छापील वेळापत्रक पाठवले. लाकडाविषयी अक्षर नाही. ती मी तिथेच बाद केली. मोठ्या कंपनीचे मात्र सविस्तर उत्तर आले: डेक उत्तम बर्मी सागवानाचा आहे. मला राग आला, हे मी नाकारत नाही. देशात आलापल्लीचे जंगल उभे असताना बर्मा कशाला, असे मी उलट टपाली विचारले. परंतु त्याच पत्रात मी पाच जागाही मागितल्या होत्या. नकार दिला, हा मेहुण्याचा शोध आहे.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. मताबद्दल आभार. पावसाळ्यामुळे बोटी आता बंद होत आहेत. शेवटच्या फेऱ्यांची माहिती आमच्या पहिल्या पत्राच्या मागील बाजूस दिली होती. मी पहिले पत्र काढून उलटून पाहिले. दिली होती. लाकडाचे उत्तर पुढच्या बाजूला होते आणि मी तेवढेच वाचले होते.

चिवड्याचा डबा बांधून तयार होता. "मंग आता?" पत्नीने विचारले.

"दिवाळीत जाऊ," मी म्हणालो.

दिवाळी आली तेव्हा तिला सातवा महिना लागला होता आणि ती बाळंतपणासाठी आरमोरीला माहेरी आली होती. बस आणि आगगाडीचे ते धक्के नकोत, असे तिच्या आईने बजावले, आणि ते योग्यच होते. मी बेत रद्द करू लागलो, तर पत्नीच माझ्यावर उखडली. "तुमी जा ना लेकरायले घेऊन! माह्यापायी त्यायचं काऊन बुडवता?"

म्हणजे आम्ही गेलो. बर्माच्या सागवानावर पाय ठेवूनच गेलो, आणि फळ्या चांगल्या होत्या हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. धाकटीच्या कमरेला बांधायला पत्नीने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली होती. तिचे दुसरे टोक रत्नागिरीपर्यंत माझ्या मनगटाला होते. आम्हाला बसमध्ये बसवून द्यायला मेहुणा स्वतः आला होता. त्याला सर्व ठाऊक आहे. त्याच्या किश्शात कोणीच जात नाही, म्हणून लोक हसू शकतात. प्रत्यक्षात आम्ही चौघे गेलो आणि जिने मागितले होते ती आरमोरीला राहिली. पुढे बाळंतपण, बदल्या, मुलांच्या शाळा. तिने पुन्हा मागितले नाही आणि मीही पुन्हा कोणत्या कंपनीला पत्र लिहिले नाही. समुद्र न पाहताच ती गेली.

त्या दिवाळीत आम्ही रत्नागिरीहून परतलो, त्या दिवशी मुले तिच्याभोवती गोळा होऊन एकाच वेळी लाटा, मासे आणि भोंगा सांगू लागली. तिने सर्वांचे ऐकले. मग धाकटीच्या कमरेची पट्टी सोडता सोडता मला विचारले,

"कठडा होता ना?"

"होता. कमरेएवढा."

"अन् जाळी?"

"जाळीही होती."

"मंग तवा इचाराले काय झालं होतं?" असे म्हणून तिने पट्टीची घडी घातली आणि ती चुलीकडे गेली.