मामांचा खोंड आणि माझा एअरब्रश

सांगू का नको, सांगू का नको, असं करत वर्ष काढलं. पण आज चहा तुम्ही पाजताय म्हणून सांगतो. इथं निलंग्याकडचं कुणी बसलेलं नाही ना? सासुरवाडी तिकडचीच माझी. नाही? मग ठीक.

आधी एक ध्यानात ठेवा. आपल्याकडं जावयाला कुणी काही बोलत नाही. सासुरवाडीत जावयानं भिंत पाडली तरी म्हणतात, "बरं झालं, वारं चांगलं यायलंय आता!" या पद्धतीनंच माझा घात केला.

मी लातूरला बियाण्याच्या दुकानात कामाला. छंद एकच, लाकडाच्या छोट्या गाड्या करायच्या. ट्रक, ट्रॅक्टर, लाल एसटी. पण ब्रशनं रंगवलं की रेघा उमटायच्या, अन् त्या रेघा मला झोपू द्यायच्या नाहीत. मला पाहिजे होता एअरब्रश. म्हणजे पेनाएवढी पिचकारी अन् तिला हवा देणारं छोटं यंत्र. रंग असा बसतो की बघतच राहावं!

"घरातला मिक्सर मरायला टेकलाय," आमची सुनीता म्हणाली, "अन् तुम्हाला खेळण्यावर रंग फवारायला यंत्र? पगाराला हात लावायचा न्हाई. जास्तीचं कमवा अन् घ्या काय घ्यायचं ते."

आता जास्तीचं कमवायचं कुठून? तेवढ्यात मामांचा फोन आला. मामा म्हणजे माझे सासरे. देवणीजवळ जनावरांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यांचा खोंड हौशा त्यात उतरणार होता. माझी ट्यूब पेटली. प्रदर्शनात जनावरांची शिंगं रंगवतात की नाही? मग आपण एअरब्रशनं रंगवू! एका पेंटर मित्राचं यंत्र एका दिवसासाठी मागून आणलं.

मामा खूश. "पर जावईबापू, पैसे घ्यायचे. जावयाला फुकट राबवून घेतलं म्हणल्यावर गाव तोंडात शेण घालंल माझ्या." शिवाय गावातले आणखी चौघं-पाचजण त्यांनी गाठून दिले. आधी हौशाचं काम बघायचं, मग ते आपली जनावरं पुढं करणार. म्हणजे हौशा जमला की माझं यंत्र आलंच!

आता हौशा कसा, ते सांगतो. देवणी जनावरात पांढरंशुभ्र असतं त्याला म्हणतात बाळंक्या. अंग पांढरं पण तोंडाच्या बाजू काळ्या, तो वानेरा. हौशा अस्सल बाळंक्या. अंगावर काळा केस शोधून सापडायचा नाही. मामांनी त्याला पोटच्या पोरावाणी वाढवलेलं. सुनीता तर म्हणते, पोरापेक्षा जास्तच.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मैदानात त्याला बांधलं आणि मामा नाव नोंदवायला गेले. मी यंत्र चालू केलं. जनावराला अपाय होऊ नये म्हणून पाण्यातला काळा रंग घेतला होता, एवढी अक्कल होती बरं का! शिंगं अशी झाली की मीच माझ्यावर खूश. शेवटचा हात मारायला गेलो, यंत्र जोरात घरघरलं, हौशानं मान झटकली आणि...

फुस्स!

उजव्या गालावर हाताच्या पंजाएवढा काळा डाग.

पाण्याची बाटली ओतली, रुमालानं पुसलं. डाग जायच्या ऐवजी डोळ्यापर्यंत पसरला. पाण्याचा टँकर अजून यायचा होता. आता काय करू? मामा येतील. चौघं-पाचजण येतील. घामानं शर्ट पाठीला चिकटला.

आणि त्या घाबरलेल्या डोक्यात एक विचार आला. एका गालावर काळं असलं तर तो डाग. दोन्ही गालांवर असलं तर ती जात!

हसू नका. तुम्ही माझ्या जागी असता तर?

दुसरा गाल रंगवला. कडा हलक्या हातानं विरघळवल्या. खोटं कशाला बोलू, काम झकास झालं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम! फक्त बाळंक्याचा वानेरा झाला होता.

मामा आले. हौशाच्या पुढून तसेच निघून गेले, परत आले.

"जावईबापू, हौशा कुठंय? अन् हे कुणाचं बांधलंय आपल्या जागी?"

इथं मी खरं सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. बाहेर काय पडलं?

"मला काय माहीत मामा! मी चहाला गेलो होतो."

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मामांनी चार प्रश्न विचारले असते. पण जावयाच्या शब्दावर शंका? त्यांनी तसाच हंबरडा फोडला, "आरं, माझा खोंड नेला रं कुणीतरी!"

मग काय विचारता! स्पीकरवर पुकारा सुरू झाला, "पांढराशुभ्र बाळंक्या खोंड चोरीला गेलेला आहे, दिसल्यास स्टेजपाशी कळवावे!" दोन मोटारसायकली उदगीरच्या रस्त्याला सुटल्या, दोन निलंग्याच्या. मैदानाच्या फाटकातून निघणारा प्रत्येक टेम्पो अडवून आत बघायला लागले. आणि ज्याला शोधायचं तो मामांच्या पाठीमागं उभा राहून हंबरत होता.

"ह्ये कुणाचं जनावर हाय? उगं वरडायलंय," मामा डोळे पुसत म्हणाले.

त्यात परीक्षक आले. हौशाभोवती दोन फेऱ्या मारल्या. "वा! असा रेखीव वानेरा बऱ्याच दिवसांत बघितला न्हाई. मालक कोण?" मालक शेजारीच जमिनीवर बसलेला, डोक्याला हात लावून. त्याला पाणी कोण पाजतंय? मी!

फोन वाजला. सुनीता. "अवो, हौशा चोरीला गेला म्हणं! आई रडायलीय. तुम्ही कुठं होता?"

"इथंच."

"मग कसा नेला?"

मी काळी बोटं विजारीला पुसायला लागलो.

"अवो... तुम्ही रंगवलं का काय त्याला?"

बघा! मैदानभर माणसं, जाणकार परीक्षक, कुणाला कळलं नाही. आणि ही लातुरात स्वयंपाकघरात बसून ओळखते!

"आत्ताच्या आत्ता बाबांना सांगा," ती म्हणाली. "पोलीस यायच्या आत."

पोलीस! तसाच मामांजवळ गेलो. "मामा, एक बोलायचं होतं..." मामा उठून उभे राहिले, आणि हौशाचं तोंड पोचेल एवढ्या अंतरावर आले. त्यानं मान पुढं काढली आणि लाडात येऊन मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गाल घासला. मग सवयीप्रमाणं दुसरा.

मामांनी काळ्या झालेल्या खांद्याकडं बघितलं. हौशाकडं बघितलं. मग माझ्या काळ्या बोटांकडं बघितलं. स्पीकर अजून ओरडत होता.

"सापडला," मामा हळूच म्हणाले.

"कुठं? कुणी नेला होता?" माणसं गोळा झाली.

मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "कुणी न्हाई. पाहुण्यांनी जरा सजवला व्हता."

शिंगं रंगवलेली चालतात, पण अंग रंगवलेलं जनावर स्पर्धेत चालत नाही. हौशा बाद झाला. जाताना परीक्षक हळहळले, "रंग चांगला हाय हो, पर नियम म्हणजे नियम." चौघं-पाचजणांनी आपापली जनावरं माझ्यापासून लांब नेऊन बांधली. टँकर आल्यावर मामांनी स्वतः हौशाला धुतलं, आणि मला एक शब्द बोलले नाहीत. "जेवून घ्या जावईबापू," एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर भाकरी तरी गिळली असती हो! वर्षभर ज्याला जपलं त्याचा नंबर मी घालवला, आणि हा माणूस मला तूप वाढत होता.

निघताना मात्र विचारलं, "त्ये यंत्र केवढ्याला येतं?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

पंधरा दिवसांनी मामा गावातल्या दोघांना घेऊन लातूरला आले. मला खुर्चीवर बसवलं, टॉवेल-टोपी केली, नारळ दिला आणि हातात खोकं ठेवलं. कोरा एअरब्रश, यंत्रासकट! माझे डोळे भरून आले.

"मामा, हे कशाला?"

"गावानं वर्गणी काढली," मामा म्हणाले. "तुमचं भागलं न्हवं आता? मंग जास्तीचं कमवायला कुणाच्या जनावराला हात लावायची गरज न्हाई. अन् येत्या पोळ्याला... तुम्ही लातूरलाच ऱ्हावा."

सुनीता पदरात तोंड लपवून हसत होती. मी मान खाली घालून विचारलं, "वर्गणी कुणीकुणी दिली?"

"ज्याच्या दावणीला जनावर हाय त्या सगळ्यांनी. सगळ्यात जास्त दिली आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं."

"त्यांच्याकडं किती बैल आहेत?"

"बैल न्हाई त्याच्याकडं," मामा म्हणाले. "पांढरं कुत्रं हाय."