काका हे नाव नव्हे

त्या वसंतात मला सगळीकडे शिरा दिसायच्या. इंडियन स्टोअरमध्ये दुधी निवडतानाही नजर शेजारणीच्या कोपराच्या खळगीत अडकायची. दुपारी कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत डोळा लागायचा, आणि झोपेतही माझी बोटं कुणाच्या तरी हातावर शीर चाचपत असायची.

एक्कावन्नाव्या वर्षी मी अमेरिकेतल्या चँडलर गावच्या कम्युनिटी कॉलेजात रक्त घ्यायला शिकत होते. सर्टिफिकेट कोर्स. बावीस वर्षं कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं की मी नवऱ्याची कंपनी सांगत आले होते आणि दर वेळी स्वतःवरच चिडत होते. पास झाले तर उत्तर माझं स्वतःचं असणार होतं.

प्रॅक्टिकलला गावातली माणसं आपणहून हात द्यायला यायची. माझ्या खुर्चीत येऊन बसले ते पंचाहत्तरीचे गृहस्थ, मुलाकडे राहायला आलेले, आणि चक्क मराठी! मी विरघळलेच. "काका, निवांत बसा. मुंगी चावल्याइतकंही दुखणार नाही." शीर पहिल्याच फटक्यात सापडली. ट्यूब भरली. "हात हलका आहे हो तुमचा," काका म्हणाले. मी तरंगत होते.

माझ्या मुलीच्या वयाच्या शिक्षिकेने मला नापास केलं.

सुई टोचण्याआधी पेशंटच्या तोंडून पूर्ण नाव आणि जन्मतारीख ऐकायची, हा पहिला नियम. मी विचारलंच नव्हतं. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाव कसं विचारायचं? घरी मुलगी म्हणाली, "आई, काका इज नॉट अ नेम!" कार्टी खरं बोलत होती, म्हणून जास्तच झोंबलं. आता एकच संधी उरली होती.

पंधरा दिवसांनी प्रॅक्टिकलच्या खोलीचं दार उघडलं तर खुर्चीत तेच काका. शिक्षिका वही घेऊन शेजारी उभी. ओठांवर आलेला "काका" मी गिळला. आधी इंग्रजीत विचारलं, मग हळूच मराठीत, "आपलं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगाल का?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दुखावले की काय, असं मला वाटलं. मग ते ताठ बसले आणि शाळेत हजेरी द्यावी तसं त्यांनी स्वतःचं, वडिलांचं नाव आणि आडनाव सांगितलं. जन्मतारीखही.

"दीड वर्ष झालं इथे येऊन," ते म्हणाले. "नाव कुणी विचारलं नाही. डॉक्टरकडेही मुलगाच सांगतो."

मी शीर चाचपली आणि सुई टोचली. ट्यूब भरल्यावर लेबल लिहून मी ते नाव मोठ्याने वाचलं. माझ्याबरोबर त्यांचेही ओठ हलत होते. शिक्षिकेने वहीत बरोबरची खूण केली.

काकांनी बाही खाली ओढली, बटण लावलं आणि विचारलं, "आणि तुमचं पूर्ण नाव?"

मी सांगितलं. जन्मतारखेसकट.