फोटोत चेहरे दिसले पाहिजेत

मंजुषा खोब्रागडे आमच्या शाळेत आली तेव्हा रसायनशास्त्राच्या शिक्षकाची जागा चार वर्षं रिकामी होती. कागदावर मात्र सगळं भरलेलं होतं. तास होत होते, प्रयोग होत होते, आणि बारावीच्या पोरांना प्रात्यक्षिकात तीसपैकी अठ्ठावीस-एकोणतीस गुण पडत होते. प्रयोगशाळेच्या कुलपाला गंज चढला होता. आत तुटक्या खुर्च्या आणि स्नेहसंमेलनाचे पडदे ठेवलेले. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो, बारा वर्षं झाली. हे सगळं मला ठाऊक होतं आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

शाळा गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यातली. अकरावी-बारावी विज्ञानाला साठ-सत्तर पोरं. कोणाच्या घरी झाडीची बोली, कोणाच्या घरी बंगाली, कोणाच्या घरी गोंडी. रसायनशास्त्राचं पुस्तक इंग्रजीत, त्यामुळे ते सगळ्यांनाच सारखं परकं.

मंजुषा तासिका तत्त्वावर आलेली, म्हणजे वर्ष संपलं की नेमणूक संपली. वय असेल तिशीच्या आसपास. ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातली, आई अंगणवाडीत मदतनीस. पहिल्याच दिवशी तिनं शिपायाकडून प्रयोगशाळेची किल्ली मागितली, पडदे स्वतः खांद्यावर टाकून बाहेर आणले आणि मुख्याध्यापकांच्या खोलीसमोरच्या बाकावर नेऊन ठेवले.

"एवढा राग कशाचा, मॅडम?" मी हसत विचारलं.

ती हसली नाही. "सर, मले बारावीत प्रॅक्टिकलला तीसपैकी एकोणतीस होते. चंद्रपूरला बी.एस्सी.ला गेली. पहिल्या दिवशी ब्युरेट, ती थेंब मोजायची काचेची नळी, हातात दिली, तर मी उलटी धरली. सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, एकोणतीस मार्क कोणी दिले तुले? मले काय माहीत कोणी दिले! मी तोवर ब्युरेट पाह्यलीच नव्हती." मग अंगावरची धूळ झटकत म्हणाली, "तो राग अजून गेला नाई. जाऊही देणार नाई."

आठवडाभरात तिनं वर्गासाठी नियमांचे दोन कागद काढले. असले कागद मी पुष्कळ पाहिलेत. 'शिस्त पाळावी, गणवेश घालावा.' तिचे तसे नव्हते. तिनं लिहिलं होतं, दहा मिनिटं उशीर चालेल, बस कधी येते ते मला माहीत आहे, पण खोटं कारण चालणार नाही. लिहिलं होतं, प्रयोगवहीत डोळ्यांना दिसलं तेच लिहायचं. स्वतःचं चुकलेलं रीडिंग असेल तर गुण मिळतील, दुसऱ्याचं बरोबर रीडिंग उतरवलं तर शून्य. दाराजवळची बादली रोज भरलेली पाहिजे, ज्याची पाळी त्यानं भरायची. लेबल नसलेल्या बाटलीला हात लावायचा नाही. आणि जाड अक्षरात: चष्मा नाही तर प्रयोग नाही, हा नियम मलाही लागू. खाली पालकाची सही.

संरक्षक चष्मे तिनंच आणले, सहा नग. पोरं आळीपाळीनं लावत. पहिल्या चाचणीत तिनं अकरा जणांना शून्य दिलं, कारण अकरा वह्यांत एकच रीडिंग होतं. दुसऱ्या दिवशी पालक आले. मुख्याध्यापक गुणवंतराव बोरकुटे यांनी तिला सगळ्यांसमोर सुनावलं, "मॅडम, इथं काही आपल्याले शास्त्रज्ञ नाई घडवायचे. पोरं पास झाली पाहिजेत."

"पास होतील, सर. पण हातानं करून होतील."

झालीही असती. दिवाळीपर्यंत त्या पोरांचे हात बसले होते. मयुरी मोहुर्ले म्हणून बारावीची एक मुलगी होती, शांत, घरची थोडी धानाची शेती. तिचा हात सगळ्यात स्थिर. ब्युरेटमधून एकेक थेंब असा सोडायची की मंजुषा बाकीच्यांना म्हणायची, "बोलू नका, नुसतं पाहा." मी एकदा दारातून पाहिलं होतं. फिक्या गुलाबी रंगावर द्रावण थांबलं तेव्हा ती मुलगी अशी हसली, जणू पिकलेलं बोर सापडलं.

नोव्हेंबरात शाळेची तपासणी ठरली. त्याच दिवशी मंजुषाचा मतदार यादीच्या प्रशिक्षणाचा आदेश आला, गडचिरोलीला. तिनं बोरकुटे सरांना सांगितलं, "मी नसताना प्रयोगशाळा उघडू नका. जुन्या बाटल्या अजून तपासायच्या आहेत. वाटलं तर तपासणी समितीला पुन्हा बोलवा, मी दिवसभर प्रयोग दाखवते."

सर 'हो' म्हणाले. मी तिथंच होतो. 'हो' म्हणाले.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळा उघडायला लावली. समितीला बाटल्यांवर लेबलं दिसली पाहिजेत म्हणून नववीतल्या सुंदर अक्षराच्या मुलींकडून लेबलं लिहून घेतली. ती चिकटवायचं काम प्रयोगशाळा परिचर लटारू शेंडे यांच्याकडे. लटारूभाऊंनी दोन-तीनदा विचारलं, "साहेब, या मागच्या बाटल्याइत काय हाये ते मले ठावं नाई. मॅडम आल्यावर लावू का?"

"लाव ना जे सुचते ते! कोण चाखून पाहणार हाये?" हे सरांचं उत्तर.

लटारूभाऊंच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. त्यांनी लेबलं लावली.

दुसऱ्या दिवशी समिती आली. बारावीची बारा पोरं निवडून, इस्त्रीचे गणवेश घालून टेबलांशी उभी केली होती. फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. मयुरीनं कपाटाकडे जाऊन चष्मे मागितले. लटारूभाऊ कपाट उघडायला निघाले, तर बोरकुटे सर म्हणाले, "चष्मे राहू द्या. फोटोत चेहरे दिसले पाहिजेत."

"सर, मॅडमनं सांगितलं हाये, चष्म्याशिवाय नाई करायचं," मयुरी म्हणाली.

"मॅडम मोठी का मी मोठा?"

ती टेबलाशी गेली. मी मोबाइल काढला. जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन होतं, थेंब सोडत रंग बदलेपर्यंत मोजायचं. त्यात गरम केलेल्या द्रावणात पातळ सल्फ्युरिक आम्ल घालतात. समोरच्या बाटलीवर सुंदर अक्षरात तेच लिहिलेलं होतं, 'पातळ'. आत तीव्र होतं. ते तिनं मापात घेतलं आणि ओतलं. फ्लास्कमधून तडतड आवाज झाला, गरम तेलात पाणी पडावं तसा, आणि ते तिच्या तोंडावर उडालं.

ती ओरडली, "पाणी! पाणी!" नळाला पाणी नव्हतं. दाराजवळची बादली मात्र भरलेली होती, कारण पाळी होती त्या पोरानं सकाळी सवयीनं भरून ठेवली होती. पोरांनीच तिला धरलं, डोळे उघडे धरून पाणी ओतत राहिले, एक जण घड्याळात मिनिटं मोजत होता. लटारूभाऊ हातपंपावर धावले. आम्ही मोठी माणसं? समितीचे एक साहेब दारातून मागे सरकले. बोरकुटे सर "गाडी, गाडी" म्हणत मैदानात फिरत होते. मी मोबाइल हातात धरून उभा होतो.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा डोळा पोरांच्या पाण्यानं वाचला. डाव्या डोळ्याची नजर गेली; उजेड आणि सावली तेवढी कळते. गालावर, मानेवर डाग राहिले.

आता ऐका. चार दिवसांनी शाळेचा अहवाल तयार झाला. त्यात लिहिलं होतं: 'विद्यार्थिनीने संरक्षक चष्मा न लावता प्रयोग केला. सदर नियम वर्गास लेखी देण्यात आला होता व त्यावर पालकाची सही आहे. सबब शाळेची जबाबदारी राहत नाही.' सोबत मंजुषाचे ते दोन कागद जोडलेले. भागीरथाबाई मोहुर्ले, मयुरीची आई, हिची वाकडीतिकडी सही, तिच्याभोवती लाल पेनाचा गोल.

मंजुषानं तो अहवाल स्टाफरूममध्ये उभ्यानं वाचला. ती सरळ बोरकुटे सरांच्या खोलीत गेली. दार उघडंच राहिलं, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"हे माझे कागद आहेत. पोरांचे डोळे शाबूत राहावेत म्हणून लिहिले होते मी. तुमची खुर्ची शाबूत राहावी म्हणून नाही!"

"आवाज खाली करा, मॅडम."

"नाही करत! चष्मे कपाटात होते. तिनं मागितले. कोणी नाही म्हटलं?"

"पुरावा हाये का तुमच्याजवळ?"

ती बाहेर आली. आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे. मी वहीत डोकं घातलं. माझ्या मोबाइलमध्ये चौदा फोटो होते. एकात कपाटाशी हात पुढे करून उभी असलेली मयुरी होती आणि तिला हातानं अडवणारे बोरकुटे सर. एकात ती बाटली, लेबलासकट. सरांनी अपघाताच्याच संध्याकाळी मला म्हटलं होतं, "ते डिलीट करून टाका." मी डिलीट केले नव्हते. दिलेही नव्हते. माझी जागा कायम आहे, मला घर आहे, पोरं आहेत. असली कारणं माणसाकडे नेहमी तयार असतात.

मंजुषानं त्या दिवशी बाकीच्या अकरा पोरांना वर्गात बसवलं. सांगितलं, "मी काही विचारणार नाही. तुम्हाला काय दिसलं ते लिहा. ऐकलेलं नको, वाटलेलं नको." पोरांनी लिहिलं. कोणी पाऊण पान, कोणी चार ओळी. एकानंही दुसऱ्याचं पाहिलं नाही. मयुरी चंद्रपूरहून घरी आल्यावर ती पानं घेऊन मंजुषा तिच्या गावी गेली. मंजुषाला एकटीला जायला नको म्हणून मीही गेलो. खरं तर मला घरी बसवत नव्हतं.

भागीरथाबाई अंगणात धान पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. मंजुषा म्हणाली, "बाई, मी तक्रार करते. तुमची सही पाहिजे."

सूप थांबलं. "सही? अजून सही?" भागीरथाबाई उभ्या राहिल्या. "त्या वक्ती बी तुमीच सही घेतली ना? मले वाचता येते का इंग्रजी-मराठी? पोरगी म्हणे, आई, कर, मॅडम चांगल्या हायेत. मी केली. आता ते म्हणतेत तुह्या सहीनंच तुह्या पोरीचा डोळा गेला. कागद कोणाचा होता तो? तुमचाच होता ना, बाई?"

मला वाटलं, मंजुषा सांगेल की चूक तिची नव्हती. तिनं तसं म्हटलं नाही. "हो, माझाच होता," एवढंच म्हणाली. "मी वाचून दाखवायला पाहिजे होता. एक-एक ओळ."

मग ती तिथं जमिनीवर बसली आणि तक्रारीचा कागद वाचून दाखवला, त्यांच्याच बोलीत, थांबत थांबत. नंतर पोरांची अकरा पानं. आतून मयुरी आली, डोळ्यावर पट्टी, दाराला धरून उभी राहून ऐकत राहिली. मध्येच म्हणाली, "मॅडम, ते वीस मिली नवतं. पंचवीस घेतलं होतं मी." मंजुषानं ती दुरुस्ती समासात लिहिली. भागीरथाबाईंनी बऱ्याच वेळानं सही केली. पण चहा विचारला नाही.

परतताना बसच्या थांब्यावर मी मोबाइल काढला आणि फोटो उघडून तिच्या हातात दिला. तिनं ते एकेक पाहिले. तपासणीला बारा दिवस झाले होते.

"बारा दिवस, सर," ती म्हणाली. "बारा दिवस हे तुमच्या खिशात होते?"

मी म्हटलं, "मला भीती वाटली."

"मलेही वाटते. माझी तर जागाही कायम नाई." तिचा आवाज चढला नाही, आणि ते जास्त लागलं. "आभार मानू का तुमचे? नाई मानत."

तक्रारीसोबत फोटो आणि पोरांची पानं शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेल्यावर नव्यानं चौकशी लागली. तिथं लटारूभाऊ उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "लेबलं म्या लावली. कोणी लावाले सांगितली ते बी सांगतो." रडतच सांगितलं त्यांनी, पण सगळं सांगितलं. पहिला अहवाल रद्द झाला. मयुरीच्या उपचाराची जबाबदारी संस्थेवर आली. लटारूभाऊंना निलंबनाचं पत्र आलं, पहिलं त्यांनाच. बोरकुटे सरांची बदली झाली, संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत, मुख्याध्यापक म्हणूनच. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. मी गेलो नाही. नुसतं न जाणं म्हणजे काही मोठं काम नव्हे.

मंजुषाची नेमणूक पुढच्या वर्षी झाली नाही. कारण लिहिलेलं नव्हतं. जानेवारीपासून परीक्षेपर्यंत मात्र ती दर रविवारी मयुरीच्या घरी जात होती. एका डोळ्यानं ब्युरेटची रेघ वाचताना अंतर चुकतं, म्हणून मयुरीनं डोकं किती कलतं करायचं, बोटानं रेघ कशी धरायची, हे दोघींनी मिळून शोधलं. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मयुरीला पाहून म्हटलं, "बेटा, तू बस, तुला असेच गुण देतो."

"नको, सर," मयुरी म्हणाली. "चष्मा द्या."

तिनं पूर्ण टायट्रेशन केलं. तिसऱ्या रीडिंगला चुकली. तीसपैकी बावीस पडले. त्या वर्षी शाळेतले ते सगळ्यात कमी गुण होते, कारण बाकीच्यांना नव्या मुख्याध्यापकांनी अठ्ठावीसच्या खाली येऊ दिलं नाही.

मंजुषा आता एटापल्लीकडे एका शाळेत आहे, पुन्हा तासिकेवरच. मागच्या महिन्यात मी फोन केला. पलीकडे काच फुटल्याचा आवाज आला आणि तिचं ओरडणं, "हात लावू नको, आधी झाडू आण!" मग फोनवर म्हणाली, "बोला सर, लवकर. तास चालू आहे."

मी काय बोलणार होतो ते विसरलो. "काही नाही," म्हटलं. तिनं फोन ठेवला.