युवराजाच्या शेजारची जागा

हे मी आजवर कोणापाशी काढलेलं नाही. सुभद्रेपाशीही नाही, आणि तिला तर सगळं ठाऊक आहे. मग तुम्हाला कशाला सांगतोय? काय माहीत. एकदाचं तोंडातून बाहेर पडू दे, बस्स.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं. मी जानेफळच्या शाळेत इतिहास शिकवायचो. त्यात एक धडा होता — ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून आणि त्यावरून पेटलेलं पहिलं महायुद्ध. पुस्तकात चार ओळी, पण मी तास तास रंगवायचो. हॅब्सबर्ग घराणं भारी ताठ. युवराजानं आपल्या मनानं बायको केली, ती राजकुळातली नव्हती. झालं! दरबारात तिनं नवऱ्याशेजारी बसायचं नाही, मिरवणुकीत मागं चालायचं. साराजेव्होला मात्र तो फौजेचा अधिकारी म्हणून गेला, तिथं दरबारचे नियम लागू नव्हते. म्हणून ती उघड्या मोटारीत त्याच्या शेजारी बसली — आणि तिथंच दोघांना गोळ्या लागल्या. हे सांगताना मलाच रडू यायचं. घंटा झाली तरी पोरं उठायची नाहीत. मला वाटायचं, काय शिकवतो बुवा आपण!

सुभद्रेलाही सांगितलं होतं. सुभद्रा माझी बायको, सोनाळ्याची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती थांबली. "बसली ना पण त्याच्या बाजूले?" म्हणाली. "मंग बरं झालं माय." मेली त्याचं तिला दुःख होतंच, पण बसली हे मोठं.

येतो, मुद्द्यावर येतो. टाळतोय हे मलाही कळतंय. लग्न आधी झालं, पुण्याला शिकायला मी नंतर गेलो. तिथं 'मले', 'तुले' म्हटलं की खोलीतली पोरं फिदीफिदी हसायची. मी ती बोली जिभेवरून खरवडून काढली. आणि घरी परत आलो, तर तीच बोली चुलीपाशी बसलेली!

एकदा तपासणीला पुण्याकडचे साहेब आले. मी नेमका हाच धडा घेतला. साहेब खूश. चहाला घरी आले, वाटेभर माझी तारीफ. सुभद्रा कपबश्या घेऊन बाहेर आली. "घ्या ना जी साहेब. साखर कमी नाई न झाली?" साहेब किंचित हसले. वाईट नव्हतं हो ते हसणं, पण मला ती पुण्याची खोली आठवली. त्यांनी विचारलं, "या कोण?"

मी म्हणालो, "स्वयंपाकाला असतात."

कोणी मानेवर सुरी ठेवली होती का? नोकरी जाणार होती? छे! युवराजाच्या बायकोसाठी वर्गात गळा काढून आलेला मीच ना?

सुभद्रेनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गळ्यातली मंगळसूत्राची काळी पोत हळूच पदराआड सारली आणि साहेबांना म्हणाली, "जेवाले थांबा ना जी. भाकरी टाकतो मी." माझं खोटं तिनं सावरून घेतलं. तेव्हा मला आधी काय वाटलं, सांगू? सुटलो, असं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते.

भांडली असती तर बरं होतं. नाही भांडली. युवराजाची गोष्ट मात्र तिनं पुन्हा कधी विचारली नाही. आणि मी? निवृत्त होईपर्यंत तो धडा शिकवला, पण मोटारीत युवराज एकटाच बसवला. त्याच्या शेजारी कोणी होतं, हे माझ्या हाताखालून गेलेल्या पुढच्या एकाही पोराला मी सांगितलं नाही.

आता आम्ही दोघंही म्हातारे. अजूनही दारात कोणी परकं आलं की सुभद्रा चहा ठेवते, कपबश्या मांडते, आणि बाहेर येण्याआधी पोत पदराआड सारते. मी खुर्चीतून बघत असतो. 'ही माझी बायको', एवढं मी अजून तिच्यादेखत कोणाला म्हटलेलं नाही.