अर्ध्या तालुक्याचं मेल माझ्याकडं

दुकानात किस्से कसे साठतात ते मला विचारा. एक सांगून होतोय तोवर दुसरा दारात चप्पल काढतो! जुन्नरच्या एसटी स्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. फॉर्मवर ईमेल लिहावा लागतो आणि लोकांकडं तो नसतो. मग सगळे म्हणतात, "भाऊ, तुझाच टाक की!" मी टाकतो. त्यामुळं अर्ध्या तालुक्याचं मेल माझ्याकडं येतं, खरं आणि फसवणुकीचं, एकाच ढिगात. चोराचं उघडलं तर पंचाईत, खरं फेकलं तर कुणाचं तरी नुकसान. डोक्याला नुसता घोर!

त्यात सुजाता रोज दारात. नर्सिंग झालेली पोर. पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अर्ज केलेला, ईमेल अर्थातच माझा.

"दादा, मुलाखतीचं आलं का?"

"नाय आलं."

तिचा चेहरा उतरतो आणि माझा दिवस वाया जातो.

*

शेजारी कुलपं विकणारे चाचा आहेत. त्यांच्या नावानं मेल आलं: परदेशात लॉटरी लागली, बँकेची माहिती कळवा. मी वाचून दाखवलं.

चाचा शांतपणे म्हणाले, "तिकीट काढल्याबिगर कंडक्टर गाडीत बसू देत न्हाई, आन् ह्यो बक्षीस देतोय व्हय!"

एवढ्या वर्षांत इतकी सोपी परीक्षा मला सुचली नव्हती.

*

शिनोलीचे रिटायर्ड गुरुजी हे स्वतःचा ईमेल असलेलं माझं एकमेव गिऱ्हाईक. "चोवीस तासांत पासवर्ड कळवा, नाहीतर खातं बंद" असं वाचून पहिल्या एसटीनं आले, घामाघूम. मी पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता उघडून दाखवला. वर कंपनीचं नाव, खाली पत्ता भलताच!

"फसवणारा कायम घाई करतो, गुरुजी."

"मग आमच्या हिनं चाळीस वर्षं फसवलं म्हणायचं!"

पासवर्ड मात्र ते आधीच पाठवून बसले होते. आधी तो बदलला, मग चहा मागवला.

*

आळेफाट्याच्या गॅरेजवाल्या पोपटशेठना मेल आलं, "तुमचं पार्सल अडकलंय, लिंक दाबून कार्डाची माहिती भरा." असल्या मेलला उत्तरच द्यायचं नसतं. पण शेठ ऐकतात होय! मला लिहायलाच लावलं.

"लिव्ह. कार्ड न्हाई. पार्सल नाशिकच्या कंच्याबी गाडीत टाक, ड्रायव्हरला म्हनावं फाट्यावरच्या हॉटेलात ठेव, माझं नाव सांग."

त्यांचे सगळे स्पेअर पार्ट असेच तर येतात! चोर पुन्हा बोललाच नाही. शेठ मात्र अजून हॉटेलात विचारतात, "आलं का रं माझं काय?"

*

हे सगळं बघून मी शहाणा झालो. जरा जास्तच! 'अर्जंट' दिसलं की डिलीट. सोबत फाइल दिसली की डिलीट. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून शिकवणं सुरू. सुजाताला तर तासभर बसवून शिकवलं. तिनं वहीत उतरून घेतलं.

परवा सकाळी उगाच चैन पडेना, म्हणून डिलीट केलेलं चाळत बसलो. त्यात सुजाताचं मेल! अर्जंट, सोबत फाइल. हॉस्पिटलच्या वेबसाइटवरून नंबर काढून फोन केला. मेल खरं होतं. मुलाखत त्याच दिवशी, दुपारी दोनला, पुण्यात. घड्याळात पावणेदहा. पोरीनं दोन महिने उंबरा झिजवला आणि मी तिची नोकरी कचऱ्यात टाकली होती.

माझ्या फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपली. चाचांच्या फोनवरून तिला लावला. धापा टाकत म्हटलं, "सुजाता, मी दुकानातला दादा! कागदपत्रं घे, आत्ताच्या आत्ता निघ, पुण्याला जायचंय!"

फोन कट. पुन्हा लावला, लागेचना!

मग गाडी काढली ती थेट गावाबाहेर, तिच्या दारात. सुजाता ओट्यावर कपडे वाळत घालत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"दादा, बरं झालं आलात! आत्ता एका चोराचा फोन आल्ता. तुमचं नाव सांगत व्हता, कागदं घेऊन पुण्याला चल म्हणं! तुमी शिकवलेलं ध्यानात व्हतं. लगेच ब्लॉक केला!"

मी गाडी बंद केलीच नव्हती. म्हटलं, "बस मागं."